उलटे आटे

चेनसॉचा, म्हणजे लाकूड कापायच्या साखळी-करवतीचा, क्लच सोडवायचा तर पाना उजवीकडे फिरवावा लागतो. साखळी ओढताना क्लचवर जो ताण येतो त्याने तो सैल पडू नये, उलट आवळत जावा, म्हणून तिथले आटे उलटे पाडलेले असतात. बहुतेक क्लचांवर बाणही कोरलेला असतो. तरी जन्मभर डावीकडे फिरवून नट सोडवलेला हात पहिला हिसका डावीकडेच देतो, आणि ज्याच्या दंडात जोर अधिक त्याचा क्लच अधिक घट्ट बसतो. मग पान्याला पाइप लागतो, मग हातोडा येतो, आणि संध्याकाळपर्यंत क्रँकच्या टोकाचे आटे तरी जातात, नाहीतर क्लचचा षटकोन गोल होतो.

जुनी चेनसॉ दुरुस्त करणं हे मला या क्लचसारखंच वाटत आलं आहे. दुरुस्ती करणाऱ्याच्या अंगी जे गुण असतात, म्हणजे जोर, कान, काटकसर, टापटीप, जिद्द, त्यातला जवळजवळ प्रत्येक गुण या मशीनवर कुठे ना कुठे उलटा लागतो. आणि आपल्याला जे चांगलं येतं त्याच जागी बिघाड शोधायची खोड तर सगळ्यांनाच असते. ठिणगीच्या कॉइलची माहिती असलेला माणूस कॉइल बदलतो, कार्बोरेटरवाला कार्बोरेटर उघडतो. बिघाड तिसरीकडेच असतो.

क्लचचं आधी संपवू. तो सोडवताना पिस्टन अडवावा लागतो, आणि त्यासाठी प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालणारे लोक अजून आहेत. पिस्टनच्या माथ्याला भोक पडलेली मशिनं गॅरेजात येतात ती त्यांच्याकडून. पाच-सहा मिलिमीटर जाडीची, दोन-अडीच फूट नायलॉनची दोरी पुरते. फक्त एक बघायचं: पिस्टन वर येताना एक्झॉस्टचं तोंड झाकलं गेलं की मगच दोरी आत सोडायची. आधी सोडली तर तिचा पीळ पोर्टात अडकतो आणि पिस्टनच्या कडेने कापला जातो, मग ते नायलॉनचे तुकडे चिमट्याने वेचत बसा.

महाराष्ट्रात या कामाला एक तयार पिढी मिळाली आहे, ती स्कूटरवाल्यांची. पुण्याची चेतक आणि १९७२ मध्ये आलेली लुना यांवर ज्यांचे हात काळे झाले, त्यांना टू-स्ट्रोक इंजिन शिकवावं लागत नाही. प्लग काढून त्याचा रंग बघायचा, विटकरी असेल तर ठीक, पांढुरका असेल तर पेट्रोल कमी, काळा ओला असेल तर जास्त. सायलेन्सर गच्च झाला की ओढ जाते. पेट्रोलात ऑइल नसेल तर इंजिन पकडतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरात अडकतो. हे सगळं चेनसॉवर जसंच्या तसं लागू पडतं. म्हणून तालुक्याच्या गावी मशीन बंद पडलं की लोक त्यांच्याकडेच जातात, आणि पुष्कळदा ते चालूही होतं.

अडतं ते कार्बोरेटरपाशी. स्कूटरचं पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली येतं आणि फ्लोट त्याची पातळी राखतो. स्कूटर उभीच चालते, त्यामुळे ते जमतं. चेनसॉ आडवी धरतात, उलटी धरतात, फांदीखालून वर मारतात. तिथे फ्लोट चालणार नाही. म्हणून तिच्या कार्बोरेटरात दोन पातळ पडदे असतात. एक पंपाचा: क्रँककेसमध्ये पिस्टनच्या वरखाली होण्याने जो दाब-ओढीचा ठोका तयार होतो तो एका बारीक वाटेने या पडद्यापर्यंत येतो, पडदा थरथरतो आणि टाकीतून पेट्रोल खेचतो. दुसरा मापाचा पडदा: इंजिनने पेट्रोल ओढलं की तो आत दबतो, एका छोट्या तरफेला ढकलतो, तरफ सुईला उचलते, आणि हवं तेवढंच पेट्रोल आत येतं. सगळा हिशेब या तरफेच्या उंचीवर. ती किंचित वर राहिली तर सुई बसत नाही आणि मशीन ओव्हर होतं, म्हणजे पेट्रोल जास्त जातं. खाली राहिली तर रेस दिल्यावर घुटमळून बंद पडतं.

स्कूटरवर वाढलेला हात इथे काय करतो? जेटमधून तार फिरवतो, हवेच्या पाइपने सगळं फुंकतो, आणि तेच पडदे परत बसवतो. पडदे मात्र वाळलेले असतात. नवा पडदा बोटाने दाबला की कापडासारखा वाकतो, आवाज करत नाही. जुना कडक झालेला दाबला की पत्र्यासारखा टिकटिकतो. तो टिकटिकला की दुसरं काही तपासायची गरज नाही, किट, म्हणजे पडदे-पॅकिंगचा संच, बदलायचं. आणि पडदे जागेवर असताना हवेचा झोत मारला तर चांगला पडदाही ताणून निकामी होतो, हेही लक्षात ठेवावं. किट बसवताना क्रमात चूक होते ती वेगळीच. वॉलब्रो आणि झामा या कंपन्यांच्या बहुतेक कार्बोरेटरांत मापाच्या बाजूला बॉडीवर आधी पॅकिंग, मग पडदा. पंपाच्या बाजूला नेमकं उलटं, आधी पडदा, मग पॅकिंग, मग झाकण. दोन्हीकडे सारखंच असणार असं धरून चालणारा माणूस दुपारभर दोरी ओढत बसतो. तरफेची उंची मॉडेलप्रमाणे वेगवेगळी असते, तेव्हा खोलण्याआधीच कॅलिपरच्या शेपटीने मोजून कागदावर लिहावी. फोनमध्ये फोटो काढला म्हणजे माप मिळालं असं नाही.

सुई नीट बसते का हे बघायला कार्बोरेटरच्या पेट्रोल नळीतून हाताच्या पंपाने ०.८ बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा भरायची. काटा जागेवर राहिला तर सुई ठीक. घसरला तर कार्बोरेटर पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते फार थोडे लोक करतात, कारण त्यात हाताला काही केल्यासारखं वाटत नाही.

कान तयार असलेल्या माणसाची गोष्ट आणखी अवघड. चेनसॉचं ट्यूनिंग खरोखर कानानेच जमतं. पूर्ण रेस देऊन मशीन मोकळं फिरवलं की आवाज किंचित फाटका, भरभरल्यासारखा यायला हवा. लाकडात घातलं की तोच आवाज स्वच्छ व्हायला हवा. मोकळ्यावरच जर तो सुईसारखा बारीक आणि तीक्ष्ण असेल तर पेट्रोल कमी पडतंय, कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसच्या पेट्रोलाचा) डावीकडे थोडा उघडायचा. एल स्क्रू (कमी रेसच्या पेट्रोलाचा) असा ठेवायचा की रेसला लगेच उचल मिळेल. एलए हा तिसरा स्क्रू फक्त आयडलचा, म्हणजे रेस न देता चालण्याच्या वेगाचा, टेकू. सुरुवात बहुतेक मशिनांवर एच आणि एल दोन्ही हळूच पूर्ण बंद करून एक-एक फेरा उघडून करतात. लहान मशिनांचा आयडल मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या आसपास असतो आणि त्याला चेन हलता कामा नये.

पण असं तयार कानाचं माणूस एका खड्ड्यात हमखास पडतं. मशीन कुठून तरी चोरून हवा घेत असतं. त्याने मिश्रण पातळ होतं, आवाज तीक्ष्ण होतो. कान लगेच सांगतो, एच उघड. एच उघडला की आवाज सुरेख लागतो, मशीन गिऱ्हाइकाला जातं, आणि दोन टाक्यांत पिस्टन पकडतो. कारण गळती तशी स्थिर नसते. मशीन तापलं की रबर मऊ पडतं, चीर रुंदावते. कानाने रोग झाकला, बरा केला नाही. ओळखायच्या खुणा आहेत: रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता तरंगत राहतो, आयडल एकदा चढतो एकदा उतरतो, मशीन या कुशीवरून त्या कुशीवर केलं की फेऱ्या बदलतात. यातलं काहीही दिसलं की स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवावा.

इथे दाब तपासणी लागते, आणि ती घरच्या साहित्यात होते. सायलेन्सर काढायचा, त्या तोंडावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवून पट्टीने आवळायचा. कार्बोरेटरच्या जागीही तसंच, पण तिथे एक नळी आत जाऊ द्यायची. प्लग घट्ट. आता नळीतून हवा भरायची. कंपनीच्या पुस्तकांत ०.५ बार सांगतात. पंप नसेल तर जुन्या रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा आणि काटा कामाला येतो. त्याचा काटा ३०० पर्यंतच जातो, म्हणजे ०.४ बार, पण गळती शोधायला तेवढं पुष्कळ. साबणाचं पाणी ब्रशने लावायचं: सिलिंडरच्या पायथ्याशी, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी गळ्याला, ठोका नेणाऱ्या नळीला, आणि फ्लायव्हील व क्लच काढून क्रँकच्या दोन्ही सीलांना. फेस उठला की सापडलं.

आणि इथेच थांबायचं नाही. ऑइल सीलच्या ओठाचं तोंड आतल्या बाजूला असतं. आतून दाब दिला की ओठ क्रँकला अधिक चिकटतो, म्हणजे झिजलेलं सीलसुद्धा दाबाच्या परीक्षेत पास होतं. तेच आतून हवा ओढली की ओठ सुटतो आणि गळती उघडी पडते. म्हणून ओढीची तपासणीही करावीच लागते: तेवढीच ०.५ बार ओढ द्यायची आणि वीस सेकंद बघायचं. हळूहळू थोडी कमी झाली तर चालतं, झपाट्याने शून्यावर आली तर सील गेलं. हातपंप ब्रेकमधली हवा काढायचा मिळतो, तो या कामाला चालतो. दाबात पास म्हणून सील नवंच आहे असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांची अर्धी परीक्षा झालेली असते.

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त मशिनं यानेच आजारी पडली. आपल्याकडे २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये मूळचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे साध्या पेट्रोलवर बसवलेलं जुनं मशीन यावर पातळ चालतं. एच थोडा उघडावा लागतो. ज्या कार्बोरेटरांच्या स्क्रूवर टोप्या घालून फिरणं मर्यादित केलेलं असतं, तिथे टोप्या काढाव्या लागतात. जुनी पेट्रोल नळी फुगते, मऊ होते, मग चिरते. पण खरा घोळ साठवणीत. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी टाकी भरून ठेवलेलं मशीन घ्या. इथेनॉल हवेतली वाफ पितं, आणि पाणी पुरेसं झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर मात्र तळाशीच लोळत असतो. म्हणजे गणपतीत पहिल्यांदा दोरी ओढली की इंजिनला मिळतं ते बिनऑइलचं पाणीमिश्रित इथेनॉल. लोकांना वाटतं प्लग गेला.

संशय असेल तर मापाच्या बाटलीत १०० मि.लि. पेट्रोल आणि १० मि.लि. पाणी घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. तळाचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. २५-३० च्या घरात गेला तर भरपूर आहे. तपासणीतलं हे पाणी घातलेलं पेट्रोल मग मशीनमध्ये घालू नये. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करायची, मशीन आयडलवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, आणि मिश्रण महिन्याभराहून जास्त साठवायचं नाही, एवढं पुरतं.

ऑइलच्या प्रमाणात स्कूटरवाल्यांचा एक जुना समज आडवा येतो: ऑइल जास्त घातलं की इंजिन सुरक्षित. आताच्या चांगल्या टू-टी ऑइलला ५०:१, म्हणजे लिटरला २० मि.लि.; पाच लिटरच्या कॅनला १०० मि.लि. जुन्या मशिनांना किंवा साध्या ऑइलला २५:१, लिटरला ४०. याहून जास्त ओतलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या थेंबात पेट्रोलचा वाटा घटतो आणि मिश्रण पातळच होतं, वर पोर्टात कार्बन साचतो तो निराळा. टोपणाने मोजणं बंद करावं. औषधाच्या दुकानातली २० मि.लि.ची सिरिंज घ्यावी.

टापटिपीची आवड असलेला माणूस मशीन आलं की आधी धुतो. डिझेल, ब्रश, हवा, आणि मग खोलतो. दिसायला सुरेख. पण मळातच पुरावा असतो. फ्लायव्हीलच्या मागे तेलकट भुशाचा एक ओघळ खाली आलेला असेल तर त्या बाजूचं सील गेलेलं आहे. कार्बोरेटरच्या घशात, फिल्टरच्या आतल्या बाजूला, पिठासारखा भुसा दिसला तर फिल्टर फाटलाय किंवा बसलेला नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी ओलं काळं असेल तर पेट्रोल जास्त, कोरडं राखाडी असेल तर कमी. बाराच्या (चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या) नाकाशी भुसा कोरडा असेल तर चेनला ऑइल पोचत नाही. हे सगळं पाहून, फोटो काढून मग धुवावं. गडबडीने धुतलेलं मशीन मुक्या जनावरासारखं असतं.

सायलेन्सर काढला की टॉर्चने पिस्टनची बाजू दिसते, आणि अर्धं निदान तिथेच होतं. एक्झॉस्टच्या बाजूला उभ्या रेघा, चमकणारं ॲल्युमिनियम, रिंगवर चोपडल्यासारखं: उष्णतेने पकडला, म्हणजे ऑइल नव्हतं किंवा हवा चोरत होता. कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन सगळीकडे सारखा घासून मळकट राखाडी: धूळ आत जात होती. कारण न शोधता नवा पिस्टन बसवणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं. कॉम्प्रेशन मोजायचं असेल तर थंड इंजिनवर, रेस पूर्ण उघडून, काटा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. १५० पीएसआयच्या आसपास असेल तर तब्येत चांगली. ११० च्या खाली गेलं की सुरू करतानाच दमवतं, आणि तापल्यावर तर बिलकूल नाही.

सिलिंडरवर पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं असेल आणि खालचा निकासिलचा थर (सिलिंडरच्या आतला निकेलचा कठीण मुलामा) शाबूत असेल, तर सिलिंडर वाचतो. कापसाच्या काडीवर म्युरियाटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड घेऊन फक्त त्या पट्ट्यावर लावायचं. ॲल्युमिनियम फसफसतं, थर तसाच राहतो. पोर्टाच्या कडेला लागू द्यायचं नाही, तिथे उघडं ॲल्युमिनियम असतं. काम उघड्यावर, हातमोजे, चष्मा, आणि नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुणं. फसफस थांबली की नखाने चाचपायचं. नख अडकलं तर थर गेलाय. मग ॲसिड घालत बसण्यात अर्थ नाही.

नवा पिस्टन घालताना दोन-तीन बारीक गोष्टी. माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. पिनची सर्कलिप (पिन अडवणारी तारेची कडी) नवी, आणि तिचं उघडं तोंड वर किंवा खाली, आडवं नाही. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या धक्क्यांनी दबून ती निसटते आणि सिलिंडरला चर पाडते. स्वस्त सिलिंडरांच्या पोर्टांच्या कडा धारदार सोडलेल्या असतात, त्यांत रिंग अडकते. बारीक पॉलिश पेपरने कड मोडावी. आणि ५८ सीसीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मशिनांसाठी पिस्टन मागवताना स्टिकरवरच्या आकड्यावर जाऊ नये. बोअर कॅलिपरने मोजावा.

जोर. मोठ्या मशिनांची क्रँककेस मॅग्नेशियमची असते, त्यात पोलादी एम५ स्क्रू. वीस वर्षं जागेवर बसलेला असा स्क्रू ताकदीने काढला की त्याच्याबरोबर आटेही बाहेर येतात, तारेच्या वेटोळ्यासारखे. आधी स्क्रूच्या टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) डोक्यातला भुसा दाभणाने साफ करावा, बिट पूर्ण बसेल असं. मग डोक्यावर हातोडीची एक सरळ टिचकी. मग हॉट एअर गनने भोवतीचा भाग तापवून थोडं पुढे, थोडं मागे. आटे गेलेच तर ५.२ मि.मी. ड्रिल आणि हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, ते मूळच्यापेक्षा मजबूत होतं. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो, जवळ गॅसची ज्योत नको. प्लास्टिकच्या बॉडीत स्क्रू घालताना आधी उलटा फिरवावा, जुन्या आट्यात तो टक् करून बसतो, मग आवळावा. एवढ्या साध्या सवयीने किती हँडल वाचतात!

काटकसरीबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. सायकलची ट्यूब, रक्तदाबाचा फुगा, कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातलं अंतर ठेवायला व्हिजिटिंग कार्ड (०.२ ते ०.३ मि.मी., कार्ड मध्ये घालून चुंबकाला कॉइल चिकटू द्यायची, स्क्रू आवळायचे, कार्ड ओढून घ्यायचं): हा जुगाड अव्वल आहे. पण सलाइनची नळी पेट्रोलला लावणं नाही. महिन्यात ती कडक होते आणि तडकते. प्लास्टिकच्या टाकीला एम-सील धरत नाही. सायलेन्सरला पुठ्ठ्याचं पॅकिंग पहिल्या टाकीतच जळतं. आणि जळकं इंजिन ऑइल बार-ऑइल म्हणून वापरायची पद्धत तर सर्रास आहे. त्यातल्या धातूच्या कणांनी ऑइल पंपाचे दाते झिजतात, आणि चेनवरून ते तेल चालवणाऱ्याच्या हाता-तोंडावर उडतं. वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला घातक असतं. बार-ऑइल पोचतंय का ते बघायला बाराचं नाक पांढऱ्या कागदासमोर धरून रेस द्यावी, काही सेकंदांत तेलाची रेघ उमटली पाहिजे.

प्लग बहुतेकांना एनजीके बीपीएमआर७ए चालतो, अंतर ०.५ मि.मी. ठिणगी थंड असताना येते आणि वीस मिनिटांनी तापल्यावर जाते, तर कॉइल. त्याआधी स्विचची तार कॉइलपासून सुटी करून बघावी, कारण पुष्कळदा तीच कुठेतरी बॉडीला टेकलेली असते.

जिद्द हा गुण सगळ्यात फसवा. तो कुठे थांबवायचा हे इंजिन सांगत नाही, ब्रेक सांगतो. स्टिल या जर्मन कंपनीचं १०६ सीसीचं ०७० अजून वखारींतून भेटतं. ते इतकं साधं आणि दणकट की दुरुस्त करताना हाताला आनंद होतो, पण त्याला चेन ब्रेक नाही, थरथर शोषणारी रबरं नाहीत. बाराच्या नाकाची वरची कड लाकडाला लागली की मशीन डोक्याकडे उसळतं. ब्रेक आहे तो त्या क्षणासाठी. ज्या मशिनांना तो मुळात आहे, त्यांत ब्रेकचा पट्टा झिजलेला, हँडलची रबरं फाटलेली, रेसची सुरक्षा-कळ बांधून ठेवलेली, चेन पकडणारा आकडा तुटलेला अशी अवस्था नेहमीची. इंजिन सुरू झालं की काम झालं असं समजून ती परत जातात. ते पार्ट मिळत नसतील तर मशीन दुसऱ्याच्या हातात देऊ नये, इंजिन कितीही गोड चालत असलं तरी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात वाड्यांमधून माड, पोफळी, आंबे एकमेकांवर आडवे पडले होते. ताणाखाली वाकलेल्या अशा खोडात बार अडकतो, उसळतो. तिथे ब्रेक नसलेलं मशीन नको.

बाकी सगळं झाल्यावर राहते कानस, आणि मशीन चालवणाऱ्याला रोज भिडते तीच. आजच्या चेनचा दात १९४७ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये जोसेफ कॉक्सने बाजारात आणलेल्या चेनवरून आला. लाकूड पोखरणारी अळी जबड्याने आळीपाळीने डावं-उजवं कुरतडते हे पाहून त्याने एक दात डावा, एक उजवा असा घाट बसवला. दात कापतो आणि त्याच्या पुढचा छोटा उंचवटा किती खोल कापायचं ते ठरवतो. .३२५ पिचला (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचा इंचांतला आकडा) ४.८ मि.मी.ची गोल कानस, लहान मशिनांच्या ३/८ लो प्रोफाइलला ४, .४०४ ला ५.५. कोन ३० अंश, कानशीचा पाचवा भाग दाताच्या वर, ढकलताना दाब आणि परत घेताना उचलून. पुढचा उंचवटा दातापेक्षा ०.६५ मि.मी. खाली, तो जास्त घासला तर मशीन लाकडात उड्या मारतं, घासलाच नाही तर धार असूनही भुशाऐवजी पीठ पडतं.

कानस मारणाऱ्याचा हात ओंडक्यावर उमटतो. उजव्या हाताच्या माणसाची एका बाजूच्या दातांवर कानस सरळ जाते, दुसऱ्या बाजूला कोपर अंगाला लागतं, कोन बदलतो, दाब कमी पडतो. चार-पाच धारांनंतर एका बाजूचे दात लांब आणि तिखट, दुसऱ्या बाजूचे आखूड आणि बोथट होतात, आणि कट तिखट बाजूकडे वळत जातो. ओंडक्याचं तोंड ताटलीसारखं खोलगट निघतं, बार कटात जाम होतो, आणि माणूस अधिक जोर लावतो. दोष बाराचाही असू शकतो, दोन्ही कडांची उंची सारखी नसेल तर. सपाट कानशीने कडा गुण्यात आणाव्या लागतात. ओळखायचं सोपं आहे. नवी चेन लावून कापा. कट वळला तर बार, सरळ गेला तर कानस.

कानस असेल तर सगळ्यात आखूड दात शोधायचा, मार्करने खूण करायची, आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणायचे. मशीन व्हाइसमध्ये बाराने पकडून बाजू बदलताना आपणच पलीकडे जाऊन उभं राहायचं, हात आडवा घालायचा नाही. जी बाजू आपल्याला जमत नाही ती आधी घ्यायची, हात ताजा असताना, आणि सात-आठ दात झाले की कॅलिपर लावायचा.